पुढचं निम्मं

माणसं जोडण्यासाठी पुस्तकं तोडणारा माणूस जगात एकच, आणि तो आमच्या कोल्हापूरचा आहे: माझे मामेसासरे! उभा जन्म त्यांनी छापखान्यात बाइंडिंग केलं आणि निवृत्त झाल्यावर घराच्या पुढच्या खोलीत गल्लीसाठी वाचनालय काढलं. पहिले दोन महिने त्या खोलीत मामा आणि भिंतीवरची पाल, एवढेच काय ते हजर. लोक पुस्तक न्यायचे ते पुन्हा तोंड दाखवायचे नाहीत. दुसऱ्या कुणी पाटी उतरवली असती. मामांनी सुई-दोरा काढला, एकेक कादंबरी ऐन रंगात आलेल्या जागी उसवली आणि तिचे दोन भाग वेगवेगळे बांधले. पहिला एका घरी, दुसरा दुसऱ्या घरी. पुढचं वाचायचं तर त्या घरची पायरी चढायची!

मी पुस्तक मागायला गेलो तेव्हा मामांनी आधी मलाच न्याहाळलं. "जावईबापू, तुमी कुणाच्यात जात न्हाईसा. हे घ्या पयलं निम्मं. पुढचं कोपऱ्यावरच्या मास्तरीणबाईंकडं हाय." खून कुणी केला ते कळेना, तेव्हा भर दुपारी मी त्या अनोळखी बाईंची कडी वाजवली. त्यांनी आधी चहा पाजला आणि मग खुनी सांगून टाकायची धमकी दिली. तेव्हापासून आमचा घरोबा आहे.

मग काय विचारता! रविवारी सकाळी मामांच्या ओसरीवर पाय ठेवायला जागा उरेना. भिंतीच्या वादावरून दोन सख्ख्या भावांचा अबोला होता, तर मामांनी एकाच कादंबरीची दोन निम्मी मुद्दाम त्यांच्याच घरी टाकली. पंधरा दिवस दोघंही हट्टाला पेटलेले. सोळाव्या दिवशी धाकटा त्याच भिंतीवरून ओरडला, "दादा, ती पोरगी जगती का मरती, तेवढं तरी सांग की!" आणि इकडे सत्तरीचे मामा ओसरीवर चक्क नाचले.

मागल्या वर्षी गुडघ्यांनी दगा दिला, म्हणून मुलानं त्यांना पुण्याला नेलं. मामांना घोर एकच, आपल्यामागं हे सगळं मोडणार. किल्ली माझ्या हातात ठेवत म्हणाले, "चार म्हैन्यात कुलूप लावशीला, ठावं हाय मला."

नाही लावलं! आता मास्तरीणबाई पुस्तकं उसवतात, धाकटा भाऊ बांधतो आणि कुणाला कुणाच्या घरी पाठवायचं यावर रविवारी कडाक्याची भांडणं होतात. हे मी फोनवर सांगितलं, तर मामा ऐकून न ऐकल्यासारखं करत म्हणाले, "ते ऱ्हाऊ द्या. पिशवीत एक पयलं निम्मं आलंय माझ्यासंगं. वाचून संपलं. पुढचं कुणाकडं हाय?"

"माझ्याकडं."

"मग कुरिअरनं लावून द्या की."

"मामा, नियम तुमचाच. घरी येऊन न्यायचं."

पलीकडून कॅलेंडरची पानं उलटल्याचा आवाज आला. मग मामा म्हणाले, "दिवाळीला हायसा न्हवं घरात?"

आहे म्हटलं. मामांची फार आठवण येते. ते निम्मं माझ्या टेबलावर आहे, मीही अजून वाचलेलं नाही. सुरुवात त्यांच्याकडे आहे.