जिताड्यांना संक्रांतीची मुदत

थंडीचे किस्से थंडीत सांगू नयेत. दात वाजतात आणि मजा अर्ध्यातच सांडते! म्हणून आमच्या हुलसूरच्या चहाच्या कट्ट्यावर ते साठत जातात आणि उन्हाळ्यात बाहेर पडतात. यंदाचा सगळा साठा एकट्या शिवाअण्णांचा!

अण्णांनी शेततळ्यात जिताडे सोडले. जिताडा हा समुद्राकाठच्या उबदार खाडीतला मासा, पण गोड्या पाण्यातही वाढतो. आणि अण्णांचं घर असं की अंडंसुद्धा उंबरा ओलांडत नाही! त्यांचे वडील अप्पा भडकले. "संक्रांतीला मासे हालताना दिसले तर तळं ठेव. न्हाईतर बुजवून ऊस लाव!"

अण्णांचा सगळा जीव त्या तळ्यात. आणि यंदा थंडी अशी, की खोबरेल तेलाची बाटली दुपारपर्यंत उन्हात ठेवावी लागायची.

*

पहिल्याच गारठ्यात माशांनी खाणं सोडलं. विकतचं खाद्य आवडत नसेल म्हणून अण्णांच्या बायकोनं, म्हणजे अक्कांनी, डिंकाचे लाडू कुस्करून टाकले. तेही तसेच तरंगत राहिले! अक्का रडकुंडीला आल्या. "माझ्या हातचं आजवर कुणी नको म्हणलं न्हाई!"

आमच्यातला मिलिंद कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. तो म्हणाला, "अक्का, पाणी गार झालं की त्यांचं पचन मंदावतंय. उपाशीच राहू द्या."

"मग सुंठ वाढवते की लाडवात!"

*

एका सकाळी अण्णा घरातल्या सगळ्या गोधड्या घेऊन निघाले. तळ्यावर दोऱ्या बांधून पांघरायला! मिलिंदनं हात जोडले. "अण्णा, गोधडीत ऊब असती ती आपल्या अंगाची. माशाच्या अंगात कुठली ऊब? पाणी जेवढं गार, तेवढाच मासा गार!"

अण्णा विचारात पडले. "मग त्यायला ताप आला तर कळायचं कसं?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी तापाचं थर्मामीटर आणून तळ्यात बुडवलं. पारा जागचा हलेना. अण्णा एकदम खुश! "ताप न्हाई. सगळे नॉर्मल!"

*

जिताड्यांची पिल्लं घेऊन आलेला कोकणातला ड्रायव्हर अण्णांना पुन्हा हुमनाबादच्या धाब्यावर भेटला. तो म्हणाला, "थंडी वाढली की आमचे मासे खोल पाण्यात उतरतात. तुमचे कुठे जाणार?"

अण्णांनी हातातला चहा खाली ठेवला आणि थेट जेसीबीवाल्याला फोन लावला. "हॅलो, मासे आत असताना तळं खोल करतोस का?"

*

शेवटी मिलिंदनंच मार्ग काढला. बोअरचं पाणी थंडीतही कोमट असतं, तेच तळ्यात सोडायचं. तसं ते सुरू झालं. मासे पाइपाच्या तोंडाशी येऊन थांबले, पण पुढं हालचाल काही दिसेना.

संक्रांतीच्या सकाळी अण्णा बघतात तर अप्पा बाजेवर नाहीत. त्यांचा चेहरा उतरला. अप्पा एकटेच तळ्यावर गेले म्हणजे खेळ खलास! अण्णा, मी आणि मिलिंद शेताकडे पळत सुटलो.

बांधावर पोचलो आणि तिघंही जागीच थांबलो. अप्पांनी धोतर गुडघ्यापर्यंत खोचलं होतं, डोक्यावर माकडटोपी. एका हातात बोअरचा पाइप, दुसऱ्या हातात अक्कांचा डबा. पाण्यात वाकून ते अगदी काकुळतीला आले होते.

"आरं घ्या की तिळगूळ! गोड बोलला न्हाईत तरी चालतंय, पर जरा हला की रं!"