दादाने मागितलेली दुर्बीण

गल्फमधल्या माणसाने गावी यायची तारीख सांगितली की मागण्या सुरू होतात. अत्तर, बदाम, टॉर्च, कोणाच्या तरी जावयाला मोबाईल. माझ्या थोरल्या भावाने मात्र कधी काही मागितलं नव्हतं. म्हणून यंदा तो आपणहून म्हणाला, "बंदुकीवर लावायची दुर्बीण आण, लांबचं दिसणारी," तेव्हा मला आनंद झाला. अगदी पोरासारखा आनंद झाला.

दादाकडे रायफल आहे. पिकांच्या राखणीसाठी परवाना मिळालेली, आधी वडिलांची, नंतर त्याची. डुकरं आमच्याकडे भात ठेवत नाहीत, नाचणी ठेवत नाहीत. परवानगी निघाली की रान हाकायला जायचं, आणि त्याआधी सगळे आमच्या खळ्यात जमतात. पोरं आणि म्हातारे हाकारे घालतात, मोक्याच्या जागी दादा बसतो. डुक्कर पडलं की मटणाचे वाटे सगळ्यांना सारखे, पण ज्याच्या गोळीने पडलं त्याला एक वाटा जास्तीचा. तो वर्षानुवर्षं आमच्याच घरी येतो. गावात दादाला मान आहे तो यामुळे. चार हापूसच्या कलमांवर आमच्याकडे कोणी कोणाला विचारत नाही.

मी अबुधाबीजवळ मुसफ्फात एका फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये सुपरवायझर आहे. बंदुकीला जन्मात हात लावलेला नाही. पण जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर दुर्बिणींचे व्हिडिओ बघून बघून मी जाणकार झालो. किती पट जवळ दिसतं, पुढची काच केवढी हवी, आतली फुली बारीक बरी की जाड, सगळं तोंडपाठ. वाळवंटात बसून कोकणातल्या डुकरावर नेम धरायचा म्हणजे उंटावरून शेळ्या हाकण्यातलाच प्रकार, पण हौसेला मोल नसतं. मुलगी म्हणाली, "बाबा, काका इज नॉट इन द आर्मी!" तिला म्हटलं, तू अभ्यास कर. विमानतळावर कस्टमवाल्यांना काय सांगायचं, ते आयत्या वेळी बघणार होतो. सगळे तसंच करतात.

रविवारी दुपारी अबुधाबीतल्या एका शिकारीच्या सामानाच्या दुकानात गेलो. बाहेर नुसतं भाजत होतं, आत हुडहुडी भरेल इतका एसी. ससाण्यांच्या डोळ्यांवर घालायच्या चामडी टोप्या, तंबू, आणि काचेच्या कपाटात ओळीने दुर्बिणी. विक्रेता पेशावरचा होता. त्याने एक दुर्बीण माझ्या हातात दिली आणि दाराशी उभं केलं. रस्त्यापलीकडच्या क्रेनवरच्या माणसाच्या हेल्मेटचा पट्टा मला दिसला. मी खलास.

"शिकार कितनी दूर से करते हैं आपके भाई?" त्याने विचारलं.

"पचास-साठ कदम. जंगल घना है हमारा."

तो हसला. "फिर ये क्यों, भाईजान? ये तो पहाड़ी बकरे के लिए है, पाँच सौ, छे सौ मीटर. साठ कदम पे तो खाली आँख काफी है."

मला राग आला. माल विकायचा सोडून हा मलाच शिकवतोय! मी त्याला दुसरी काढायला लावली, जाड फुलीची, आणि दादाला व्हिडिओ कॉल लावला. दोन्ही दुर्बिणी एका हातात धरून मी त्याला फरक समजावत होतो. दादा "हां, हां" करत होता.

"कुठली आवडली?"

"ती जाडी आहे ना, ती. दमदार दिसत्येय."

तेवढ्यात माझं लक्ष स्क्रीनच्या कोपऱ्याकडे गेलं. कॅमेरा उलटा करायला मी विसरलो होतो. एवढा वेळ दादाला फक्त माझं तोंड दिसत होतं.

"अरे, माझ्या थोबाडाला दमदार म्हणतोस होय!" मी मोठ्याने हसलो. तो हसला नाही. मग फोन हलला, भिंत, दार, माड असं काहीबाही दिसलं आणि वहिनीचा आवाज आला. फोन घेऊन ती मागीलदारी गेली होती.

"भावोजी, ह्यांना मोबाईलमधलं काही दिसत नाही. मोबाईलमधलंच कशाला, उजव्या डोळ्याने माणूस ओळखत नाहीत. डॉक्टरकडे चला म्हटलं की अंगावर येतात."

"मग रानात कसा जातो?"

"काजूच्या दिवसांत मी बागेत वाकून बिया वेचत होते. सकाळचा गारवा, म्हणून अंगावर काळी शाल. मान वर केली तर बांधावर हे. बंदूक माझ्यावर धरलेली."

माझ्या हातातल्या दोन्ही दुर्बिणी मी काउंटरवर ठेवल्या.

"तू ओरडलीस?"

"ओरडले असते तर सगळ्या वाडीला कळलं असतं. मी बघितलंच नाही असं केलं. परत वाकले आणि मोठमोठ्याने कुत्र्याला शिव्या देत बसले. कुत्रा नव्हताच तिथे. माणसाचा आवाज ऐकला तशी ह्यांनी बंदूक खाली घेतली आणि निघून गेले. त्यांना कळता नये हां मला माहीत आहे ते. मरतील लाजेने."

मला तिचा संताप आला आणि रडूही आलं. मी म्हटलं, दादाला फोन दे. ती "नको, नको" म्हणत राहिली. शेवटी दिला.

"दादा, मी दुर्बीण आणत नाहीये. बंदूक पोलिसांकडे जमा कर. मी आलो की आपण डोळे दाखवायला जाऊ."

"का? तू तिकडे राहून मला सांगणार?" त्याचा आवाज चढला. "बंदूक दिली तर कोण विचारतो मला? हाकारे घालू म्हाताऱ्यांबरोबर?"

"घाल."

"हिने काय सांगितलं तुला?"

मी बोललो नसतो तरी चाललं असतं. पण पुढच्या खेपेला बागेत कोण वाकलेलं असेल, हा विचार डोक्यातून जाईना. "काजूच्या बागेतलं सांगितलं," मी म्हटलं.

विक्रेत्याने खुणेने विचारलं, पॅक करू? मी मान हलवली, नको. त्याने दुर्बिणी पुसून कपाटात ठेवल्या.

"चापावर बोट होतं रे माझं," दादा म्हणाला. मग आवाज इतका खाली गेला की मला फोन कानाला दाबून धरावा लागला. "ती रोज मला जेवायला वाढते. मला वाटत होतं, तिने बघितलं नाही."