विस्तव तोंडात धरणारी गंगम्मा

लग्न होऊन महादेवी चुडाव्याला आली, त्याच दिवशी तिला ओकारी आली. माप ओलांडून ती आत गेली, सासूच्या पाया पडायला वाकली आणि वर पाहते तर सासूबाईंनी पेटलेला चुट्टा उलटा फिरवला, विस्तवाची बाजू तोंडात घातली आणि ओठ मिटून घेतले. नाकपुड्यांतून धुराच्या दोन दोऱ्या निघाल्या. हात मात्र आशीर्वादाला वर उचललेला. महादेवी सुपारीचं खांडही न चघळणाऱ्या माणसांत वाढलेली. तिला वाटलं, बाईनं निखारा गिळला. ती जी पळाली ती थेट मोरीवर.

चुट्टा म्हणजे तंबाखूच्या पानांची हातानं वळलेली जाड कांडी, चिरुटाची गावठी बहीण. गंगम्माचं माहेर निजामाबादच्या पलीकडलं, भाताच्या खाचरांतलं. तिच्या गावच्या बाया चुट्टा असाच ओढायच्या, विस्तव आत ठेवून. लावणीच्या वेळी दोन्ही हात चिखलात. तोंडातला चुट्टा भिजत नाही आणि हातही अडत नाहीत. बसवंतरावांनी तिला त्या मुलखातून करून आणलं, तेव्हा तिला मराठीचा एक शब्द येत नव्हता. दिवसभर ती भिंतीकडं तोंड करून बसायची. बसवंतराव स्वतः विडीला शिवत नसत, पण बायकोसाठी ते निजामाबादकडून येणाऱ्या गाडीनं ताडाच्या पानात बांधलेली चुट्ट्यांची जुडी मागवू लागले. तेव्हा कुठं ती हसली. बसवंतराव गेल्यावर हे काम मुलाकडं, कल्याणरावांकडं आलं. स्टेशनसमोर त्यांचं किराणा दुकान. गाडीची शिटी ऐकली की गिऱ्हाईक तसंच टाकून ते फलाटावर धावत.

"लोक आईला औषध आणतेत," महादेवी म्हणायची. "तुमी काय आणता?"

"औषधच समज," कल्याणराव म्हणत आणि जुडी आईच्या उशाशी नेऊन ठेवत.

महादेवीच्या नाकाला मात्र त्या घरात कधी विसावा मिळाला नाही. गोधड्यांना तो वास, उशीला तो वास, लोणच्याच्या बरणीवर बांधलेल्या फडक्यालासुद्धा तो वास. रोज सकाळी सासूचं थुंकायचं तस्त धुवायचं ते तिनंच. आतलं काळं, चिकट पाणी मोरीत ओतताना ती श्वास कोंडून धरायची. नातीचा कान ठणकला की गंगम्मा तिला मांडीवर घेऊन कानात धुराची फुंकर मारायची, आणि पोरगी खरंच झोपी जायची. महादेवीला त्याचाच जास्त राग.

सगळ्यांत किळस यायची ती राखेची. सकाळी आंघोळ करून गंगम्मा डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजेला बसे. तिचा चेहरा तेव्हा असा निवळलेला असे की बघत राहावं. पूजा झाली की चुट्टा. त्याची राख ती एका पितळी वाटीत झाडायची आणि त्या राखेनंच लिंगाचा चांदीचा करंडा घासायची. "लय लख्ख निघतो," असं वर सांगायची.

नामांतराचे मोर्चे निघत होते, बस कधी सुटेल याचा नेम नव्हता, त्या दिवसांतली गोष्ट. गंगम्मा भाकरी दुधात कुस्करून खाऊ लागली. मग दूधही गार करून मागू लागली. तोंडात काहीतरी झालं होतं. विचारलं की पदर तोंडावर घेऊन ती मान हलवायची. डॉक्टरचं नाव काढलं की भिंतीकडं तोंड.

महादेवीनं ओळखलं, हे साधं नाही. तिनं झरीच्या स्वामींना श्रावणातल्या सोमवारी प्रसादाला बोलावलं. स्वामींच्या समोर, लिंग हातात घेऊन अव्वा, म्हणजे सासूबाई, चुट्टा सोडल्याची शपथ घेतील, मग दवाखान्याचं बघता येईल, असा तिचा बेत. पहाटेपासून तिनं घर धुऊन काढलं. ओट्यावरची ती राखेची वाटी दोन बोटांनी, नाक मुरडत उचलली आणि नजरेआड म्हणून देवळीत सारून दिली. शेजारीच कुटून ठेवलेल्या भस्माची वाटी होती. तीही पितळेचीच.

स्वामी आले. पाट मांडला, पाय धुतले, महादेवीनं घाईत देवळीतली वाटी आणून पुढं ठेवली. स्वामींनी बोटं बुडवून कपाळावर तीन पट्टे ओढले, दंडावर ओढले, छातीवर ओढले. मग थांबले. नाकपुड्या हलल्या.

"भस्म कुठलं गं, महादेवी?"

"घरच्याच गाईच्या शेणीचं, स्वामी."

"मग तुमची गाय चुट्टा ओढती वाटतं."

कल्याणराव पंचा भिजवायला धावले. आणि खांबाला टेकून बसलेली गंगम्मा हसली. इतकी हसली की पदर खाली आला आणि दारातून येणाऱ्या उजेडात तिचं तोंड सताड उघडं पडलं. समोरच वाकलेल्या महादेवीनं आत पाहिलं. भाजलेल्या वांग्याच्या सालीसारखी काळी टाळू, आणि मधोमध पांढरट, कडा उसवलेली जखम.

महादेवी मोरीवर गेली आणि भडाभडा ओकली.

ती परत आली तेव्हा कल्याणराव ओला पंचा घेऊन स्वामींपुढं उभे होते. स्वामींनी तो बाजूला सारला. "लागली ती लागली. राखच हाय." मग गंगम्माकडं वळून म्हणाले, "लिंग हातात घ्या अव्वा, अन् सोडला म्हणा."

गंगम्मानं गळ्यातला करंडा मुठीत धरला. "न्हाई म्हणवत, स्वामी. लेकराला खोटं बोलंन, लिंगाला कसं बोलू?"

"एवढं काय हाय त्या चुट्ट्यात?"

"माय हाय," गंगम्मा म्हणाली. "मी ह्या नातीएवढी असंन. खाचरात मायला साप चावला. बाया धावत येईस्तोवर गेली. तोंडात चुट्टा जळायलाच होता. तोंड भाजंल म्हून मी काढला. टाकवंना. मग तसाच लावला तोंडाला, तिच्या थुंकीसगट. तव्हापासून विझला न्हाई तो."

महादेवीला गहिवर वगैरे आला नाही. मेलेल्या बाईच्या तोंडातला चुट्टा, या विचारानं तिनं पदर नाकाला लावला. पण ती म्हणाली, "शपथ ऱ्हाऊ द्या, स्वामी. अव्वा, उद्या परभणीला चला. डाक्टरला तोंड दाखवा. दाखवलं की दवाखान्याच्या दारात एक चुट्टा देते, माझ्या हातानं."

"परक्या गड्याम्होरं तोंड उघडू?"

"मी पदर धरते."

आणि तिनं धरला. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात आपल्या लुगड्याचा पदर सोडून तिनं सासूच्या चेहऱ्याभोवती आडोसा केला. आत फक्त डॉक्टरची बॅटरी आणि गंगम्माचं उघडं तोंड. तो दर्प पदरात कोंडला तरी महादेवीचा हात हलला नाही. डॉक्टरांनी तिला बाहेर नेऊन सांगितलं, जखम वाईट आहे, पण फार उशीर झालेला नाही. औरंगाबादला नेऊन कापून काढावी लागेल. विस्तव मात्र आजपासून बंद.

पायरीवर गंगम्मानं तळहात पुढं केला. "दे."

डॉक्टर काय म्हणाले ते महादेवीनं सांगितलं. हात तसाच राहिला.

लिंगाशी खोटं न बोललेल्या बाईला आपण कसं फसवायचं? महादेवीनं पिशवीतून चुट्टा काढला, स्वतःच्या तोंडात धरला, काडी ओढली आणि एक झुरका घेतला. कडू, जळकी, सडक्या पाल्यासारखी चव घशापर्यंत गेली. डोळ्यांना पाणी आलं. खोकत खोकत तिनं तो पुढं केला.

गंगम्मानं सवयीनं तो उलटा फिरवला, पण विस्तव ओठांशी येताच अंग चोरलं. मग तिनं त्याचं दुसरं, ओलं टोक बघितलं.

"सगळा भिजवलास की गं."

तेच ओलं टोक तिनं तोंडात धरलं. झुरका घेतला नाही. नुसती धरून बसली. येणारे-जाणारे बघत होते, तिनं पदरही घेतला नाही. हळूहळू राख वाढली, खाली पडली, आणि विस्तव आपला आपण गेला.

"विझला," गंगम्मा म्हणाली आणि ते थोटूक तिनं पायरीखालच्या गटारात टाकलं.

परतीच्या गाडीत महादेवी खिडकीतून अजून थुंकत होती. "लय घाण हाय, अव्वा. कसं ओढलंत जन्मभर?"

"घाण तर हायच," गंगम्मा म्हणाली. "त्या दिशी खाचरात मीबी ओकले होते."