घराची तीट

आमच्या ह्यांच्या चुलतभावाइतकं आगीवर प्रेम करणारा माणूस अख्ख्या अमेरिकेत दुसरा नसेल. ओहायोत डब्लिनला घर घेताना बेडरूम किती, बाथरूम किती, काही विचारलं नाही; फायरप्लेस दिसली आणि भाऊजी भुलले. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. घरात हीटिंग चालू, तरी ऑफिसातून आले की टाय सोडायच्या आधी जाळ! लाकडं विकत आणणं त्यांना कमीपणाचं वाटे. वादळात पडलेल्या फांद्या गाडीत घालून आणायच्या आणि ओल्याच कोंबायच्या. मग घरभर धूर. डोळे पुसत म्हणायचे, "गावाकडच्या चुलीची आठवण आली की नाही?" आम्हाला नुसता खोकला यायचा.

एकदा वहिनींनी परस्पर चिमणी साफ करणारा माणूस बोलावला. त्यानं टॉर्च मारून आत डोकं घातलं आणि "ओह बॉय!" करतच बाहेर आला. ओल्या लाकडाच्या धुराचं डांबर आत थरावर थर बसलं होतं, काळं कुळकुळीत. "हे क्रिओसोट. पेटलं तर घर जाईल," तो म्हणाला. भाऊजींनी त्याला कॉफी पाजून वाटेला लावलं. "चुलीला कधी डॉक्टर लागतो होय? आणि असू दे थोडी काजळी, घराला तीट! दृष्ट लागत नाही." वहिनींनी कपाळावर हात मारला. मी थक्कच झाले. अहो, केमिकल इंजिनिअर माणूस हा!

मार्चमध्ये होळी आली. ती भाऊजींनी फायरप्लेसमध्येच रचली. त्या दिवशी नेमकी कुठूनशी सुकी खोकी मिळालेली, वर वाटीभर तूप. वहिनी तापानं फणफणून वर झोपल्या होत्या, आम्ही बाकीचे बेसमेंटमध्ये पानं वाढत होतो. एवढ्यात अंगणातून भाऊजींची बोंब आली. होळीला बोंब मारायचीच असते, म्हणून आम्हीही तोंडावर हात आपटून दणदणीत उत्तर दिलं. ते पुन्हा ओरडले, आम्ही आणखी जोरात! पोरं तर खूशच. मग त्या गोंधळात ऐकू आलं, "सुमन! अगं सुमन!"

माझ्या हातातली पोळी गळून पडली. भाऊजींच्या तोंडून वहिनींचं नाव आम्ही जन्मात ऐकलं नव्हतं. धावत बाहेर आलो, तर छपरावर चिमणीच्या तोंडातून पुरुषभर उंच ज्वाळा, आणि आत घों घों आवाज. देवा रे! भाऊजी आत घुसले होते. ब्लँकेटसकट वहिनींना उचलूनच बाहेर आले. बंब आले, घर वाचलं. भाऊजी बर्फात बसून वहिनींचे अनवाणी पाय स्वतःच्या कोटात गुंडाळत राहिले. "माझंच चुकलं गं," एवढंच म्हणत होते.

पुढे दर वर्षी थंडीआधी चिमणी साफ व्हायची. आता भाऊजी नाहीत. परवा वहिनी म्हणाल्या, "त्यानंतर पुन्हा नावानं हाक नाही हो मारली कधी. परत आपलं 'अगं' आणि 'ऐकलंस का'. मी कितीदा मुद्दाम ओ द्यायची नाही, म्हटलं आतातरी मारतील."

"मग?"

"मग काय, घाबरेघुबरे होऊन घरभर शोधत यायचे."