उच्छिष्ट

आई मंगल कार्यालयात लग्नाची भांडी घासायची आणि पंगतीत उरलेलं डब्यात भरून आणायची. आमचं जेवण त्यावरच व्हायचं.

आज वाचनालयात एक मुलगी जुन्या कथा वाचताना दिसली. अडलेल्या शब्दाखाली ती कागद फाटेल इतक्या जोरानं रेघ ओढत होती. मला माझं कॉलेजचं पहिलं संमेलन आठवलं. शेलापागोट्यांत, एकमेकांवर टिंगलीच्या चिठ्ठ्या टाकायच्या खेळात, वर्गातल्या एकानं माझ्यावर चिठ्ठी टाकली होती, "उच्छिष्टावर पोसलेली राजकन्या!" सगळे हसले. राजकन्या म्हटलं म्हणून मीही हसले.

"अगं, तू काय हसतेस?" मैत्रीण कुजबुजली. अर्थ मात्र तिनं सांगितला नाही.

तो अर्थ मला एका जुन्या कथेत सापडला. त्यातली विधवा सासरच्यांचं उष्टं खाऊन जगायची. शब्दकोशानं नुसता अर्थ दिला असता. कथेनं तिचा घास माझ्या घशात अडकवला. मग मी सूडानं वाचत सुटले. उपमर्द, अवहेलना, मिंधेपणा. एकेका शब्दाला कथेतलं एकेक माणूस चिकटलेलं असायचं, आणि मी त्या शब्दाला धार लावून ठेवायची.

शेवटच्या वर्षाच्या निकालाला तो चिठ्ठीवाला हात पुढं करून आला. "मानलं बुवा तुला! झालं गेलं विसर आता."

"विसर म्हणायला तुझ्या बापाचं काय जातं?" मी म्हटलं, आणि त्याचा हात तसाच राहू दिला.

मराठी घेऊन मी पहिल्या वर्गात बी.ए. झाले. आमच्या घरातली ती पहिली पदवी.