मेहकरच्या इकोत ऐकलेलं वाक्य

नातवंडांनो, तुमच्या आजोबांची फाइल माझ्याकडे आहे. रक्ताचे रिपोर्ट, इसीजी, औषधांच्या चिठ्ठ्या, सगळं तारखेप्रमाणे लावलेलं. पण डॉक्टर जे नुसतं बोलले, कागदावर उतरवलं नाही, ते तिच्यात नाही. ते फक्त मला ठाऊक आहे.

मेहकरला दर गुरुवारी शहरातून हृदयाचे डॉक्टर येत. आजोबांना धाप लागायची म्हणून डोणगावहून आम्ही दोघंच गेलो. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करायला त्यांना डाव्या कुशीवर झोपवून डॉक्टरांनी छातीवर जेली लावली.

"बापा! बर्फ लावला का काय, डॉक्टरसाहेब?" आजोबा म्हणाले.

डॉक्टर हसले. मग पडद्यावर एकच जागा पुन्हा पुन्हा मोजू लागले. मला इंग्रजी येतं हे कळल्यावर ते माझ्याशी इंग्रजीतच बोलले. हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी सुरुवातीलाच फुगली आहे, ती फाटू शकते, ऑपरेशन करावं लागेल. शेवटी म्हणाले, हे घराण्यात असू शकतं, मुलाचाही इको करून घ्या.

"काय म्हणते वं?" शर्टाची बटणं लावत आजोबांनी विचारलं.

मी फुगल्याचं सांगितलं, ऑपरेशनचं सांगितलं. शेवटचं वाक्य गिळलं. तुम्ही सगळे पुढच्याच आठवड्यात परदेशी निघणार होता. बॅगा भरून झाल्या होत्या.

"लेकरायले आताच काही सांगू नोको," ते म्हणाले. "जाऊ दे त्यायले खुशीनं."

त्यांना पूर्ण गोष्ट माहीतच नव्हती, तरी मी त्यांच्या शब्दाआड लपले. दर रविवारी फोनवर तुमचे बाबा विचारायचे, "आई, सगळं ठीक ना?" मी ठीक म्हणायचे.

ऑपरेशनची तारीख ठरण्याआधीच एका सकाळी चहाचा कप खाली ठेवून आजोबा म्हणाले, "पाठीत काही फाटल्यावानी झालं वं." मेहकर येईपर्यंत माझ्या हातातला त्यांचा हात गार पडला होता.

तुमचे बाबा आले, तेरवीपर्यंत राहिले. मी रोज ठरवायचे, आज सांगू. वडिलांच्या फोटोसमोर बसलेल्या मुलाला ते सांगणं मला जमलं नाही.

म्हणून आता लिहिते आहे. आधी बाबांना इकोसाठी घेऊन जा, मग डॉक्टर सांगतील तर तुम्हीही करून घ्या. आजोबांच्या रिपोर्टची प्रत सोबत ठेवली आहे, ती दाखवा. दुखत नाही, जेली तेवढी थंड लागते. त्याच दिवशी मला फोन करा. आणि ठीक नसेल, तर ठीक म्हणू नका.