सोजरबाईंचा चौथा पेला

गणपती जाऊन चार दिवस झाले होते. सकाळी सहा चाळीसला फोन वाजला तेव्हा मी चहा गाळत होते. एवढ्या लवकर मला फक्त माझी नातवंडं फोन करतात, कॅनडातून, कारण तिकडे आदला दिवस मावळत असतो. म्हणून गाळणं तसंच टाकून मी धावले. पण पलीकडे दत्ता होता, माझ्या सुनेचा भाऊ. म्हणाला, "मावशी, आई गेली." मग म्हणाला, "च्या टाक म्हनली. मी धार काढून आलो तवर..." फोन ठेवून स्वयंपाकघरात परत आले तर गाळण्यातून चहा ओट्यावर सांडून खाली टपकत होता. माझ्या घरात असं होत नाही.

ईशान, सई, हे तुमच्यासाठी लिहिते आहे. तुमची आई कशीबशी तिकीट मिळवून आली, तुम्हाला येता आलं नाही. तुम्हाला नातेपुत्याची आजी, माझी विहीण सोजरबाई, ठाऊक आहे ती फोनच्या पडद्यावर अर्धं कपाळ आणि बराचसा पत्रा दाखवणारी. ती आणखी कोण होती हे मी सांगू शकते, कारण गेल्या फेब्रुवारीत एक अख्खी सकाळ मी तिच्याबरोबर घालवली. आणि पत्र न लिहिता वर्तमानपत्रात का लिहिते आहे, त्याचं कारण शेवटी सांगेन.

अठरा वर्षांपूर्वी तुमच्या आईबाबांचं लग्न ठरवायला आम्ही नातेपुत्याला गेलो. मी शाळेत इंग्रजी शिकवणारी बाई, सोलापुरात सात रस्त्याजवळ पक्कं घर, आणि विचार त्या घरापेक्षाही पक्के. तुमच्या आजोबांनी, म्हणजे सोजरबाईंच्या यजमानांनी, नुकतीच वाईनच्या द्राक्षांची बाग लावली होती. खायची द्राक्षं नव्हेत. बारीक, काळी, जाड सालीची. माल तिथून वीस किलोमीटरवरच्या एका वाईनरीला जायचा होता. गावात लोक त्यांना 'दारूवाले पाटील' म्हणून चिडवत होते. जेवणं झाल्यावर स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून मी माझ्या यजमानांना इंग्रजीत म्हणाले की, मुलगी चांगली आहे, पण ही माणसं लिकरसाठी शेती करतात, याचा विचार करा. सोजरबाई आत भाकरी थापत होत्या. त्यांचा हात थांबला नाही, म्हणून मी निर्धास्त राहिले.

लग्न झालं. आमचं विहिणी-विहिणींचं जमलं असं म्हणता येणार नाही. बिघडलंही नाही. दिवाळीला फराळ, उन्हाळ्यात शेवया, एकमेकींच्या तब्येतीची चौकशी. सहा वर्षांपूर्वी तुमचे आजोबा गेले आणि बाग सोजरबाईंच्या अंगावर आली. दत्ता ऊस बघायचा, त्या द्राक्षं. गेल्या जानेवारीत त्यांचा फोन आला. त्या स्वतःहून कधी फोन करत नसत, त्यामुळे मी आधी खुर्चीत बसले.

"विहीणबाई, ते वाईनरीवाले लोकांस्नी फिरवून दाखवत्यात म्हनं. चाखायला देत्यात. त्याचं तिकीट काढाया येतंय का तुमास्नी?"

मला वाटलं कुणा पाहुण्यांसाठी असेल. "कोणाला जायचंय?"

"मला. आन तुमाला."

मग हळूहळू खरं कारण बाहेर आलं. दत्ताचं म्हणणं होतं, वेली म्हाताऱ्या झाल्या, माल निम्म्यावर आला, मजूर मिळत नाहीत. यंदाचा तोडा झाला की बाग उपटून ऊस लावू. त्याचं काही चूक नव्हतं. सोजरबाई त्याला म्हणाल्या होत्या, चाखून सांगते. "त्येंनी लावली, त्येंनी कदी चाखली न्हाय. मी इतकी वर्सं घड तोडले, मी बी न्हाय. वाईनरीच्या मीटिंगला बोलवायचं तर बापय मानसं. आता उपटा म्हनतोय. काय उपटायचं हाय ते तरी कळू दे की!"

मी शिस्तीची बाई. तिकिटं काढली, गाडी ठरवली, तारीख कॅलेंडरवर लिहिली. विमा कंपनीचं माझं ते कॅलेंडर, त्यावर फक्त तारखा आणि डोंगरांची चित्रं. पहाटे सोलापूरहून निघाले, नऊला त्यांना घेतलं. इरकली साडी, पायांत नव्या चपला, मांडीवर पिशवी. गाडीत मी सँडविचचा डबा उघडून पुढे केला, तर म्हणाल्या, "नगं. आज संकष्टी हाय."

माझ्या हातातला डबा तसाच राहिला. चार तासांचा कार्यक्रम, प्रत्येक वाईनबरोबर जोडीला खाणं, आणि मी नेमकी उपासाची तारीख काढली होती. "अहो, मग फोनवर का नाही सांगितलंत? बदलली असती ना!"

"म्हनूनच सांगितलं न्हाय. एकदा का तारीख बदलली की ती कायमचीच जाती."

"पण वाईन उपासाला..."

"द्राक्षं चालत्यात न्हवं?"

"द्राक्षं चालतात, पण हे आंबवलेलं असतं."

"दही काय असतंय मग?"

मी चाळीस वर्षं वर्गात प्रश्न विचारले. असं उत्तर मला कोणी दिलं नव्हतं.

वाईनरीत आम्ही दहाजण होतो. बाकीचे पुण्याचे, पांढऱ्या बुटांचे. फिरवणारी मुलगी ऋतुजा, कडक इस्त्रीच्या काळ्या जाकिटात, अर्ध्या इंग्रजीत पाठ केलेलं बोलत होती. बागेत तिने वेलीला हात लावून काही सांगितलं, तशा सोजरबाई पुढे झाल्या, वाकून पानं बाजूला केली आणि म्हणाल्या, "हिची काडी लई लांब सोडलीय. छाटणी कुनी केली?" पुण्याची माणसं हसली. ऋतुजा हसली नाही. "आजी, तुमची बाग आहे?" "हितंच घालतोय की माल, सोळा वर्सं. तू कुटली गं?" "माढ्याची." एवढं बोलल्यावर त्या मुलीचं इंग्रजी जे गेलं ते आमच्यापुरतं पुन्हा आलंच नाही. माणसाचा हात पोचणार नाही एवढ्या उंच स्टीलच्या टाक्या तिने दाखवल्या. सोजरबाईंनी एका टाकीला तळहात लावला आणि विचारलं, "ह्यात आमचा माल कुटला?"

ऋतुजाने टाकीकडे बघितलं. म्हणाली, आजी, तसं नाही सांगता येणार. शंभर शेतकऱ्यांचा माल येतो, एका जातीचा सगळा एकत्र जातो. सोजरबाईंचा चेहरा मी बघितला. एवढ्या लांब त्या जे विचारायला आल्या होत्या त्याचं उत्तर हे होतं... टाकीवरचा हात मात्र त्यांनी काढला नाही. म्हणाल्या, "म्हंजे हाय म्हना की, ह्यातच."

चाखायला लांब टेबल होतं. प्रत्येकापुढे पाच पेले, एक ताटली आणि एक छापील कागद: रंग, वास, चव, पाच ओळी. मधे एक पितळी भांडं. "हे कशाला?" "घोट तोंडात फिरवून यात थुंकायचा, आजी. म्हणजे चढत नाही." सोजरबाईंनी ते भांडं दोन बोटांनी माझ्याकडे सरकवलं. "तुमी थुका. पिकवनाऱ्यानं थुकायचं नसतंय." मी रुमाल लावून, नीट, थुंकत राहिले. त्या एक घोट घेत, गिळत आणि पेला खाली ठेवत.

ताटलीत चीज, भाजलेला पाव, मसाल्यातलं पनीर, चॉकलेट. चीजकडे बोट करून त्यांनी विचारलं, "दुधाचं?" आणि खाल्लं. बाकी सगळं माझ्या ताटलीत आलं. ऋतुजाच्या लक्षात आलं. ती आत गेली आणि वाटीत भाजलेले शेंगदाणे, उकडलेलं रताळं आणि खजूर घेऊन आली. मग काहीतरी वेगळंच सुरू झालं. ऋतुजा सांगायची, या वाईनला लिंबाच्या सालीचा वास येतो. सोजरबाई नाक घालून म्हणायच्या, "लिंबू न्हाय, कैरीचं साल. लिहा." मी लिहायची. दुसरी: कच्चा पेरू. तिसरी, गुलाबी: "सरबत. उगंच." शेजारच्या पांढऱ्या बुटांनी आपलं लिहिणं थांबवून यांचं ऐकायला सुरुवात केली.

चौथी लाल होती, काळपट. "शिराज," ऋतुजा म्हणाली, आणि हळूच, "आजी, तुमच्या जातीची." सोजरबाईंनी पदर डोक्यावर घेतला. पेला दोन्ही हातांत धरला, तीर्थ घ्यावं तसा नव्हे, गरम दुधाचा धरतात तसा. घोट घेतला. सगळं टेबल त्यांच्याकडे बघत होतं.

"कडू हाय की!"

सगळे हसले, त्याही हसल्या. मला मात्र वाटलं, गेली बाग. आता घरी जाऊन दत्ताला सांगणार, उपट. पण त्यांचं अजून संपलं नव्हतं. दोन शेंगदाणे चघळले, पुन्हा एक घोट घेतला. या वेळी तो तोंडात घोळवून मग गिळला. "लिहा," म्हणाल्या. "चुलीवरनं उतरलेल्या तव्याचा वास. जांभूळ खाल्ल्यावर जीभ हुती तसं. आन हे लिहा... ऊस ग्वाड लागतोय, गिळला की संपला. हे गिळल्यावर बोलाय लागतंय."

वास, चव असले सगळे रकाने सोडून मी ते आडवं लिहिलं. शेजारच्या बाईंनी विचारलं, शेंगदाणे आम्हालाही मिळतील का? ऋतुजा आत पळाली. तेवढ्या गलक्यात सोजरबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "अठरा वर्सांमागं माज्या सैपाकघराच्या दारात तुमी विंग्रजी बोलला. समदं न्हाय कळलं. 'लिकर' तेवढं कळलं." माझ्या हातातलं पेन थांबलं. "आता चाखलीसा. आता काय म्हनायचं ते म्हना. मराटीत."

मी म्हणाले, "चूक झाली, सोजरबाई. हे मी केव्हाच कबूल करायला हवं होतं."

त्यांनी वाटी माझ्याकडे केली. "घ्या, शेंगदानं घ्या. थुकू नका आता, गिळा."

मी गिळली. पाचवा पेला त्यांनी घेतला नाही. ऋतुजाने आग्रह केला, तर म्हणाल्या, बास, पाचवी पुढल्या साली, तोडा झाल्यावर. आणि मला, "तवा उपास नसलेला दिवस बगा म्हंजे झालं." आम्ही परतलो तेव्हा दत्ता फाटकातच उभा होता. गाडीतून उतरायच्या आधीच त्यांनी सांगून टाकलं, "उपटायची न्हाय." दत्ता चिडला. वेली म्हाताऱ्या झाल्यात, आई. "मी कवळी हाय व्हय?" शेवटी एका वर्षावर तोडगा निघाला. मार्चमध्ये तोडा झाला, एप्रिलची छाटणी त्यांनी बांधावर उभं राहून करून घेतली. ऑक्टोबरची, जिच्यावर फळ धरतं ती, राहिली.

तेराव्याला मी नातेपुत्याला गेले. सगळं आटोपल्यावर दत्ता माझ्याजवळ बसला. रात्र-रात्र जागून डोळे सुजलेले. "मावशी, आईचा सबूद हुता म्हनून ठिवली. आता कोन बगनार? दसऱ्याला काढून टाकतो." तुमची आई कॅनडात राहते, तिला मधे बोलता येत नव्हतं. मलाही तसा अधिकार काय? मी त्या घरची नाही, शेतीतलं मला कळत नाही. पण पर्समध्ये तो कागद होता. मी तो काढला आणि चौथी ओळ वाचून दाखवली, त्यांच्याच शब्दांत, जमेल तशी. दत्ता ऐकत होता. मग म्हणाला, "बोलायला सोपं हाय, मावशी. छाटणीला तुमी येनार हाय का?"

टोमणा होता तो. मी म्हणाले, "किती वाजता?"

त्याला वाटलं मी रागाने बोलले. मी घरी आले, छाटणीची कात्री विकत आणली आणि अंगणातल्या जास्वंदीवर ती चालवायला शिकले. दुकानदार म्हणाला, ही डाव्या-उजव्या दोन्ही हातांनी चालते, मॅडम. पहिल्या दिवशी जास्वंद बोडकी झाली. आता डोळा, जिथून कोंब फुटतो तो, ओळखू येतो आणि त्याच्या वर किती ठेवायचं तेही कळतं. ऋतुजाला फोन केला. ती म्हणाली, आमचे बागेतले काका दोन दिवस येऊन दाखवतील, आजींच्या बागेत नक्की येतील. हे सगळं मी दत्ताला फोनवर सांगितलं. तो "बघू" म्हणाला. बघू म्हणणारी माणसं मी वर्गात पुष्कळ पाहिली आहेत. म्हणून हे छापायला दिलं. दत्तामामा रविवारची पुरवणी शेवटच्या पानापर्यंत वाचतो, आणि त्याच्या शेजारचेही वाचतात. दत्ता, येत्या सोमवारी सकाळी सातला मी फाटकात असेन. एकच वर्ष मागते आहे, तुझ्या आईने मागितलं होतं तेवढंच. त्यानंतर तू ठरव, पण चाखून ठरव.

परवा सात रस्त्यावर जाऊन मी तिथी असलेलं कॅलेंडर आणलं. दुकानदार हसला, "मॅडम, वर्ष संपत आलं की!" म्हटलं, असू दे, पुढच्याचंही एक बाजूला ठेव. डोंगरांची चित्रं उतरवून ते मी स्वयंपाकघरात लावलं. त्याच्याखाली खिळ्याला तो कागद अडकवला आहे. चार ओळी भरलेल्या, माझं अक्षर, त्यांचं बोलणं. पाचवी कोरी. खालच्या कोपऱ्यात वाईनचा गोल डाग आहे, त्यांच्या पेल्याचा. चौथी चाखून झाल्यावर पेला त्यांनी कागदावरच ठेवला होता आणि मी तेव्हा त्यांना चक्क रागावले होते. ईशान, सई, पुढच्या वर्षी तोडा झाला की त्या टेबलावर मी पुन्हा बसणार आहे, उपास नसलेला दिवस बघून. शेजारच्या खुर्चीवर दत्ता असेल. शेंगदाणे मी घरून भाजून नेणार आहे.